न कळवता केलेली तपासणी

चारुता पालिकेच्या वतीने वृद्धांची निवारागृहं तपासायची. दर महिन्याला एक फॉर्म, त्यात बावीस प्रश्न, आणि जाण्याआधी तीन दिवस फोन करून कळवायचं, अशी पद्धत. त्या दुष्काळाच्या वर्षी मे महिन्यात उस्मानपुऱ्यातली एक बैठक ऐनवेळी रद्द झाली. दुपार मोकळी मिळाली म्हणून ती न कळवताच बायपासपलीकडच्या निवारागृहात जाऊन धडकली.

एरवी दिसणाऱ्या पांढऱ्या चादरी आज नव्हत्या. खाटांवर नुसतं रेक्झिन, त्यावर घामेजलेली म्हातारी माणसं. व्हरांड्यातल्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीला कुलूप.

करमाडकडच्या सुगंधाबाई दाराजवळच्या खाटेवर बसल्या होत्या. सारा जन्म मेंढरांमागं चाललेली बाई. ओठ फुटून त्यावर रक्त साकळलं होतं.

"आजी, पाणी नाही का प्यायला?"

"दोन पेले मिळत्यात. सकाळी एक, जेवताना एक. मंग बंद."

"का?"

"पेलं की मुतावं लागतंय. मुतलं की कापडं धुवावी लागत्यात. त्याला पाणी कुठून आणायचं, म्हणत्यात."

चारुताला क्षणभर ऐकलेलं खरं वाटेना. तेवढ्यात कूलर घरघरत असलेल्या खोलीतून व्यवस्थापक शिवशंकर शर्टाची बटणं लावत धावत आला.

"मॅडम, फोन तरी करायचा! टँकर चार दिवसांनी येतो. काटकसर करावीच लागते."

"तुमच्या खोलीतल्या कूलरला पाणी कुठून येतं?"

त्यानं किल्ल्यांचा जुडगा खिशात सरकवला.

"कुलूप काढा."

"मॅडम, तुम्ही..."

"काढा म्हणते ना!"

सगळ्यांचं पिऊन होईपर्यंत ती टाकीपाशी उभी राहिली. एक आजोबा इतक्या घाईनं प्याले की त्यांना ठसका लागला, तरी पेला सोडेनात. कोपऱ्यातली मुंजाबांची खाट मात्र रिकामी होती.

"मुंजाबा कुठं गेले?"

"आठ दिस झाले," सुगंधाबाई म्हणाल्या. "तीन दिस लघवी झाली नाय त्याला. पोट फुगलं, बरळाया लागला. दवाखान्यात नेईस्तोवर गेला."

नोंदवहीत लिहिलं होतं: वार्धक्यानं निधन.

"मी मागच्या महिन्यात आले होते. तेव्हाच का नाही सांगितलंत मला?"

म्हातारीचे डोळे पेटले. "तू इचारलंस कुणाला? ह्या मॅनेजरला! माज्या खाटंपाशी हुभं राहून त्यालाच इचारलंस, पाणी पुरतं का म्हणून. त्यो व्हय म्हणला, तू लिवलंस आन् गेलीस."

चारुताच्या कानशिलांत रक्त उसळलं. राग शिवशंकरचा होताच, पण म्हातारीचं बोलणं त्याहून खोल लागलं, कारण ते खरं होतं.

संध्याकाळी तिनं अहवाल विभागप्रमुख वैजनाथसाहेबांपुढं ठेवला. त्यांनी तो वाचून परत सरकवला.

"न कळवता केलेली भेट नियमात बसत नाही. म्हणजे ती झालीच नाही. आणि ही संस्था बंद केली, तर चाळीस म्हातारे ऐन उन्हाळ्यात कुठं ठेवणार आहात तुम्ही?"

"बंद करा कुठं म्हणते मी? पाणी द्या म्हणते! माणूस मेलाय, साहेब."

"तुमच्याच सह्या आहेत, चारुताबाई. अकरा महिने, पाणीपुरवठा समाधानकारक. आता उलट लिहिलंत तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारतील."

"विचारू देत."

तिनं कपाटातून ते अकराही फॉर्म काढले. प्रत्येकावर लाल शाईनं लिहिलं, 'ही माहिती फक्त व्यवस्थापकाकडून घेतली. राहणाऱ्या एकाही माणसाला मी विचारलं नाही.' खाली सही केली. नव्या अहवालासह सगळे कागद आवक खिडकीवर दिले आणि शिक्का उमटेपर्यंत ती तिथून हलली नाही.

आठवड्यात तिला कारणे दाखवा नोटीस आली आणि बजाजनगरकडच्या नव्या वसाहतींच्या सर्वेक्षणावर बदली झाली. टाकीचं कुलूप कायमचं निघालं. शिवशंकरला समज दिल्याचं पत्र तिला मिळालं. मुंजाबाबद्दल त्या पत्रात चकार शब्द नव्हता.

ते पत्र वाचून तिचा संताप अनावर झाला. तशीच ती नोंदवहीतल्या पत्त्यावर करमाडला गेली आणि मुंजाबाचा पुतण्या कडूबा याला तिनं शोधून काढलं. सगळ्या कागदांच्या नकला त्याच्यापुढं ठेवून तिनं घडलेलं सगळं सांगितलं.

"म्हातारपणानं गेला, म्हणले व्हते आमाला," तो म्हणाला. मग त्याचं बोट एका कागदावर थांबलं. "ही सही कुणाची?"

"माझी."

त्यानं तिच्याकडं इतकं रोखून पाहिलं, की आता हा आपल्याला हाकलून देणार असं तिला वाटलं. तिनं मान खाली घातली नाही.

कडूबानं पायात वहाणा सरकवल्या. "चला ठाण्यात. आत्ता मला सांगितलं ना, तेच तितं सांगा. सहीसकट."

"त्यासाठीच आलेय," ती म्हणाली आणि त्याच्याबरोबर निघाली.