देवकाचं झंपर

“अंग कधीपासून सुटलं?” नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं.

“सुटलं नाई जी,” देवका ठासून म्हणाली. “चौऱ्याऐंशीच्या दिवाळीले शिवलेलं झंपर हाये हे. पाहा ना, अजून बरोबर येते.”

डोळ्यांपुढे धुकं येतं म्हणून ती दाखवायला आली होती. शेजारी उभा असलेला तिचा नवरा शालिकराम छताच्या पंख्याकडे पाहू लागला.

सौंसरच्या बाजारात त्याचं शिवणकामाचं दुकान. गावातल्या कुठल्याही बाईला तो तोंडावर सांगायचा, “वैनी, टेप पुरत नाई आता, भाताले हात आखडा.” बायका हसायच्या नि पुन्हा त्याच्याकडेच यायच्या. पण देवकाची पाळी गेली तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून रडली होती. मूलबाळ नव्हतंच. “आता काईच उरलं नाई माह्यात,” म्हणाली होती. पुढे झंपर काखेत दाटायला लागलं, तसा शालिकराम ती दुपारी झोपली की शिवण उसवायचा, आत दुमडलेलं कापड सोडून झंपर सैल करायचा, इस्त्री फिरवून खुंटीला लावून द्यायचा. फार जीव होता त्याचा तिच्यावर. त्या जिवानंच घात केला.

“पाळी गेली की चरबी पोटावर साचते,” डॉक्टर सांगत होते. “ती काही आळशासारखी पडून राहत नाही. शरीराला साखर वापरू देत नाही, मग साखर रक्तात वाढत जाते. तुमच्या डोळ्यांना त्या साखरेनंच मार दिलाय. गेलेली नजर परत यायची नाही. अंग सुटू लागलं तेव्हाच यायचं होतं.”

परतीच्या बसमध्ये शालिकरामनं सगळं सांगून टाकलं. बोरगाव येईपर्यंत देवका झंपराची काखेतली शिवण बोटानं चाचपत राहिली.

“दुनियेच्या बायाईले तोंडावर सांगता,” ती म्हणाली. “मलेच काऊन नाई सांगतलं?”

“तुले वाईट वाटन म्हणून.”

“वाटलं असतं. रडली असती मी. पन इलाजाले तर आली असती ना!”

तो खिडकीबाहेर पाहू लागला. संत्र्याच्या बागा त्याला स्वच्छ दिसत होत्या, नि त्याची त्याला लाज वाटली.

दुकानातलं काज-बटण नि तुरपाई देवकाकडेच असायची. दुसऱ्या दिवशी ती येण्याआधी शालिकरामनं चार-पाच सुयांत दोरे ओवून ठेवले. मग थांबला. सगळे दोरे परत ओढून काढले.

देवका येऊन बसली, तेव्हा त्यानं मशीन थांबवली.

“देवका, तुले आता सुईचं नेढं दिसत नाई. दोरा मी ओवून देतो.”

तिनं अंदाजानं सुई त्याच्यापुढे धरली, त्याच्या हातापासून वीतभर बाजूला.