बाबांची मेट्रोची परीक्षा

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी दोघं मेट्रोनं माझ्याकडे जेवायला आले होते. नेहमीप्रमाणे आईनं बाबांची बाही धरून त्यांना फलाटावर ठरावीक जागी उभं केलं असणार, म्हणजे उतरल्या उतरल्या समोर जिना.

"या शहरात माणसं डब्याचं दार निवडण्यात आयुष्य घालवतात," शेपू घातलेलं मशरूमचं सूप ओरपत बाबा म्हणाले. "हिनं मलाही तसंच निवडलं. उतरायला सोपा म्हणून."

"हो ना," आई म्हणाली, "आणि पन्नास वर्षं झाली, जिना काही सापडला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीला पाणी ठेवताना तिचं हृदय थांबलं. अंत्यविधीला सगळे म्हणाले, ब्लांका किती खंबीर आहे. मी खंबीर राहिले.

दोन महिन्यांनी मी बाबांना म्हटलं, माझ्याकडे राहायला या. मेट्रोच्या शेवटच्या टोकाला, हायेच्या उंच इमारतीत ते एकटेच होते.

"मी काय फुलझाड आहे, कुंडीसकट उचलायला?"

"तुम्ही आयुष्यात एकदा तरी एकट्यानं मेट्रो बदललीय का?"

मग पैज ठरली. रविवारी हायेहून माझ्या देयवित्सेच्या घरी एकट्यानं यायचं, म्युझियम स्टेशनला गाडी बदलायची. नीट आले तर घर सोडायचं नाही. चुकले तर सामान बांधायचं.

मी घरी थांबायला हवं होतं. त्याऐवजी लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढून हायेला गेले आणि त्यांच्याच डब्यात मागच्या टोकाला उभी राहिले.

पांक्रात्स स्टेशनला काठी टेकत एक बाई चढल्या. बाबा ताडकन उठले.

"बसा, बाई."

"छे, तुम्ही बसा. तुमचं वय झालंय."

"माझं? मी सत्तेचाळीस सालचा."

"मी अठ्ठेचाळीसची. बसा मुकाट्यानं."

"काठी तुमच्या हातात आहे."

"ती कुत्र्यांसाठी. आणि तुमच्यासारख्या हट्टी माणसांसाठी."

दोघांच्या मधली जागा रिकामीच हिंदकळत होती, आणि तिथे बसायची कुणाची छाती होत नव्हती. वीशेह्रादचा पूल गेला. वाद गुडघ्यांवर आला, मग मोतीबिंदूवर. म्युझियम आलं. दारं उघडली. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. बाबा आतच राहिले आणि दारं बंद झाली तेव्हा मला इतका आनंद झाला की मीच चपापले.

पुढच्या स्टेशनला बाई एकदाच्या बसल्या. बाबांनी टोपी उचलून त्यांना अभिवादन केलं आणि ते उतरले. मीही उतरले. ते बाकावर जाऊन बसले.

"टोपी काढ, ब्लांका," मागे न बघता ते म्हणाले. "घाम येईल."

"कधी पाहिलंत?"

"हायेलाच. हेरगिरी आपल्या घराण्यात नाही."

मी शेजारी बसले. "म्युझियम मागे गेलं, बाबा."

"माहीत आहे. वाचता येतं मला. पण बाई अजून बसल्या नव्हत्या."

"म्हणजे मुद्दाम?"

"मुद्दाम कसलं. भांडण अर्ध्यावर सोडून उतरणार होतो का? आता एक स्टेशन मागे, तिथे गाडी बदलली की सरळ तुझं घर." मग ते बुटांकडे बघत म्हणाले, "पण चुकलो ते चुकलो. पुस्तकं तेवढी नीट बांधू दे. आईची शिलाई मशीनही घेऊ या. जागा आहे ना तुझ्याकडे?"

"नका बांधू काही."

"का? मी सूप बेचव करतो म्हणून?"

एक गाडी आली, माणसं उतरली, गाडी गेली. फलाट जरा शांत झाला.

"तुम्हाला रस्ता सापडतो, बाबा," मी म्हटलं. "घर तुमचं तुमच्याकडेच राहू दे. तुमच्या काळजीनं बोलावत नव्हते मी. मला आईची फार आठवण येते. मला एकटीला राहवत नाही."