लग्नाची तारीख

चूक रिंझिनचीच होती. छापील अर्जात 'विवाहाची तारीख' असा रकाना होता. काय लिहायचं ते कळत नव्हतं, तर कुणाला विचारावं की नाही? पण नाही, बाईंना घाई! कोर्टाच्या दाखल्यावरची तारीख उचलली आणि दिली लिहून. ऑस्ट्रेलियात पर्थला शिकायला येण्याच्या अर्जाआधी ती बरोबर पाच आठवडे होती.

आता पूर्व भूतानात, त्यांच्या त्या खोऱ्यात, लग्नाला तारीख कुठली? मुलगा मुलीच्या घरी राहायला येतो, सकाळी सासूबरोबर गाई सोडायला जातो, आणि दोन-चार महिन्यांत गाव म्हणायला लागतं की हा अमक्यांचा जावई. ना वरात, ना पंगत. कागद लागलाच तर कोर्टातून आणायचा. रिंझिन आणि जुर्मेला तो सात वर्षांनी लागला, तिचं परदेशी शिक्षण ठरलं तेव्हा.

दोन वर्षांत शिक्षण संपलं, पदवी मिळाली. पुढं दोन वर्षं काम करायचा रिंझिनचा परवाना आला, एका रुग्णालयात समाजसेविकेची नोकरीही ठरली. नवरा म्हणून जुर्मेचा परवाना तिच्याबरोबरच यायचा, तो मात्र अडकला. त्याऐवजी व्हिसा खात्याचं पत्र आलं: विवाह प्रवासाच्या तोंडावर झालेला दिसतो, तो खरा असल्याचे पुरावे अठ्ठावीस दिवसांत द्यावेत. खात्याला पटलं नाही तर जुर्मेचं वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातलं काम बंद, आणि त्याने गपचूप विमानात बसायचं.

"मी एकटी नाही राहणार," रिंझिन म्हणाली. "राहू तर दोघं, जाऊ तर दोघं. आणि जायचं मला नाहीये. बघतेच मी."

पुरावे शोधायला बसली तर हाताला काय लागलं? घराचा करार चेंचोच्या नावावर, कारण हे दोघं त्याच्याच मागच्या खोलीत राहत. फोटो दोन. एकात जुर्मेचे डोळे मिटलेले, दुसऱ्यात तो अर्धाच.

हा चेंचो अकरा वर्षं पर्थमध्ये मुरलेला. तिथले सगळे भूतानी त्याला अता म्हणत, म्हणजे दादा. कुणाचंही अडलं की अता चेंचोकडे तोडगा तयार! मिरची आणि चीजच्या कालवणावर ताव मारता मारता तो म्हणाला, "एवढं तोंड पाडून काय बसलात? रविवारी हॉल मिळतो. चांगले कपडे घाला, एका भिक्षूला बसवू, पन्नास माणसं मी आणतो. फोटो काढायचे आणि नऊ वर्षांपूर्वीचे म्हणून द्यायचे. फोटोवर काय वय लिहिलेलं असतं?"

"अता, तुमचं टक्कल फोटोत येईल त्याचं काय? नऊ वर्षांपूर्वी तुम्हाला केस होते."

जुर्मे फिस्सकन हसला. चेंचोच्या नाकाला मात्र मिरच्या झोंबल्या. "थट्टा कर! नवरा विमानात बसला की मग कर थट्टा."

"थट्टा नाही करत. माझं लग्न खरं आहे. ते खोट्या फोटोंनी खरं करू? पकडलं तर खरंसुद्धा खोटं ठरेल. तारीख मी चुकीची लिहिली, तसं मी लिहून देणार."

"कबूल करणार? अगं, आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेशील!"

"पाय माझा आहे ना?" ती म्हणाली, आणि त्याला आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी तिने आईला फोन लावला. "आई, जुर्मे आपल्याकडे राहायला आला त्याचं काहीतरी जुनं सांग. कागद, पत्र, काहीही."

"कागद कशाला हवा?" आई कडाडली. "अख्ख्या खोऱ्याला माहीत आहे. त्या नवीन वर्षाच्या तिरंदाजीत तू जिभेला हाड नसल्यासारखी बडबडली होतीस ना, तेव्हाच माहीत झालं. अजून लोक मला ते गाणं म्हणून दाखवतात!"

ती तिरंदाजी! जुर्मे आपल्या जन्मगावाकडून खेळत होता, रिंझिनच्या गावाविरुद्ध. पलीकडच्या तिरंदाजाचा नेम चुकावा म्हणून बायकांनी नाचत नाचत त्याची टर उडवायची, हा रिवाजच. पण ती सख्ख्या नवऱ्यावरच घसरली होती. त्या दिवशी त्याचा एकही बाण लागला नाही, त्याचं गाव हरलं, आणि तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. त्या गोष्टीचा दोघांनी पुन्हा कधी विषय काढला नव्हता.

मावसभावाने ते सगळं फोनवर टिपून फेसबुकवर टाकलं होतं. शोधलं तर अजून तिथंच होतं, खाली तारखेसकट. कोर्टाच्या दाखल्याच्या पाच वर्षं आधीची! पडद्यावरची केस विस्कटलेली पोरगी घसा फोडून गात होती:

"जेवायला म्हणून आला, चुलीपाशी बसला गं,
आमच्या घरचा जावई हा, उठायचं विसरला गं!
लाकडावर मारी कुऱ्हाड, पायावरती पडते गं,
निशाणावर सोडी बाण, गोठ्यात गाय दडते गं!"

तिला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. जुर्मेला दाखवलं तर त्याने ते शेवटपर्यंत बघितलं.

"पाठवू का?" तिने विचारलं. "तुला लाज वाटत असेल तर नाही पाठवत. दुसरं काहीतरी शोधीन, पण शोधीनच."

"पाठव," तो म्हणाला आणि कामाला निघून गेला.

तिने गाण्याचं भाषांतर करून घेतलं, आईचं आणि गावच्या प्रमुखाचं पत्र मागवलं, आणि स्वतःची चूक कुठलाही आडपडदा न ठेवता लिहून सगळं पाठवलं. मुदतीचे चार दिवस उरले होते.

तीन आठवड्यांनी खात्यातून एका बाईंचा फोन आला. आधी रिंझिनला तासभर प्रश्न विचारले. मग म्हणाल्या, आता तुमच्या यजमानांना द्या आणि तुम्ही खोलीबाहेर थांबा. जुर्मे दुभाषी नको म्हणाला. रिंझिन मागच्या अंगणात मिरच्यांच्या कुंड्यांपाशी जाऊन उभी राहिली. फोन स्पीकरवर होता आणि खिडकी उघडी, त्याला ती काय करणार?

"तुमची पत्नी चारचौघांत तुमची एवढी टिंगल करते आहे," बाईंचा आवाज आला. "तुम्हाला राग नाही आला?"

"हरलो म्हणून आला."

"आणि गाण्याचा?"

रिंझिनने कुंडीची कड घट्ट धरली.

"बाई, मी तिच्या घरी दोन वर्षं राहत होतो," तो म्हणाला. "लाकडं फोडायचो, गाई बघायचो. पण मी तिथं कोण, ते कुणी तोंडाने म्हटलं नव्हतं. तिनेही नाही. आमच्यात म्हणत नाहीत. त्या दिवशी दोन गावांसमोर ती ओरडली, 'आमच्या घरचा जावई.' तुम्ही लग्नाची तारीख विचारता ना? तीच लिहा."

रिंझिन मटकन खाली बसली. मातीत बसली, पांढऱ्या पायजम्यासकट, आणि ओढणी नव्हती म्हणून बाहीनेच डोळे पुसले.

फोन संपल्यावर तो बाहेर आला. तिने खालूनच दरडावलं, "मग दोन दिवस बोलला का नाहीस, मेल्या? सात वर्षं मी मनाला लावून घेतलंय!"

"बोललो असतो तर हसू फुटलं असतं. गाव हरलेलं, सगळे सुतकात. मी हसणार कसा?"

अकराव्या दिवशी परवाना आला. दोन वर्षं, हवं ते काम करायची मुभा. रिंझिनने वाचला तेव्हा जुर्मे वृद्धाश्रमाच्या सकाळच्या पाळीला निघून फाटकापर्यंत पोचला होता. ती अनवाणीच दारात धावली, दोन्ही हात वर केले आणि शेजारपाजारची पर्वा न करता घसा फोडून गायला लागली:

"जेवायला म्हणून आला, चुलीपाशी बसला गं..."

जुर्मे फाटकातच थांबला. मागे वळला आणि पुढची ओळ त्याने म्हटली.