उजव्या खांद्याचा फोटो

"काखेत कळसा नि गावाला वळसा," नाना म्हणाले. "तुझ्याच काखेत आहे बघ."

पिशवी तिसऱ्यांदा उपसणारी त्यांची लेक थांबली. एक्स-रे फिल्मचं पाकीट खरंच तिच्या काखेत होतं. आठ वर्षं अपघात विभागात काढलेली बाई, रक्ताला भीत नाही, दारुड्यांना भीत नाही, आणि आज एका पाकिटापायी तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ती स्वतःशीच हसली. बापलेक लिफ्टकडे गेले तर लिफ्ट बंद. मग तीन जिने.

वर मुलाखत होती. रेडिऑलॉजीच्या शिक्षणासाठी या इस्पितळात वर्षाला एकच जागा भरायचे. तिची ही तिसरी खेप, आणि पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती. म्हणजे आज किंवा कधीच नाही. अपघात विभागात टाके घालताना, प्लॅस्टर चढवताना तिचं मन नेहमी दुसरीकडेच असायचं. हातात एखादी फिल्म आली आणि ती उजेडात धरली, की आजूबाजूची आरडाओरड तिला ऐकू येईनाशी व्हायची. तिला आयुष्यभर तेवढंच करायचं होतं.

दुसऱ्या जिन्यावर नाना दम खायला थांबले. तिनं रुमाल दिला. त्यांनी डावा गाल पुसला, कपाळाची डावी बाजू पुसली आणि रुमाल परत केला. उजवी बाजू पिठासारखी कोरडी होती.

"घामसुद्धा अर्धाच येतो आता," नाना म्हणाले. "म्हातारपणाची काटकसर."

ती हसली. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं, तर तिनं त्याला जागेवर बसवून डोळ्यांत बॅटरी मारली असती. पण वडील म्हणजे काही पेशंट नव्हेत, आणि तिच्या डोक्यात मुलाखत घोळत होती.

नाना घड्याळजी. सारा जन्म उजव्या डोळ्याला भिंग लावून गेला. अलीकडे त्या डोळ्याची पापणी जराशी खाली आली होती. घरात सगळे त्यावरून चिडवायचे, की नानांचा डोळा दुकान बंद करायला लागला. उजव्या करंगळीला मुंग्या यायच्या, चिमट्यातले स्क्रू निसटून फरशीवर पडायचे. त्याला ते वय म्हणायचे. खांदा मात्र दुखतच होता, आणि त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. चार महिन्यांपूर्वी ते दुकानातल्या स्टुलावरून पडले होते.

ते पडणंच आज तिच्या काखेत होतं. त्या दिवशी ड्यूटीवरच्या दोन डॉक्टरांनी फिल्म बघून नुसता मुका मार आहे असं सांगितलं होतं. तिनं ती खिडकीशी नेली, बराच वेळ निरखली, आणि गळपट्टीच्या हाडात केसाएवढी चीर शोधून काढली. दोन वरिष्ठांच्या नजरेतून सुटलेली चीर. घरी येऊन तिनं स्वतःची पाठ स्वतःच थोपटली होती. पुढे हाड जुळलं, दुखणं राहिलं. जुनं हाड आहे, वेळ लागतो, असं ती नानांना सांगत आली, आणि लेक डॉक्टर असल्यावर नाना दुसऱ्या कुणाला कशाला विचारतील.

या विभागाची रीत अशी, की उमेदवारानं स्वतः वाचलेली एक फिल्म घेऊन यायची. तिच्याकडे दुसऱ्याही होत्या, पण या चिरेइतका अभिमान तिला कशाचाच नव्हता. शिवाय हा फोटो ने, असं नानांनीच सांगितलं होतं. माझ्या हाडाला एवढा मान मिळत असेल तर मीही बघायला येतो म्हणाले आणि सोबत आले.

वर मुलाखतीच्या खोलीबाहेर बाकावर आधीच चार जण होते. विभागप्रमुख बाईंना सगळे उमेदवार आपसात 'आणखीबाई' म्हणत. त्या फिल्म लावतात, ऐकून घेतात आणि एवढंच विचारतात, "आणखी?" घाबरलेला माणूस मग नसलेलं काहीतरी बघून मोकळा होतो आणि तिथंच फसतो. आत्ताच बाहेर आलेली एक मुलगी डोळे पुसत होती. तिनं चांगल्या गुडघ्यात गाठ दाखवली होती. तेव्हा आपण ठाम राहायचं, हे आमच्या डॉक्टरीणबाईंनी पक्कं केलं. तिचं नाव पुकारलं गेलं. नानांनी डाव्या हातानं तिच्या पाठीवर थाप मारली.

आत तिघं जण होते. एक जाड भिंगांचे प्राध्यापक, एक टिपणं घेणारे तरुण डॉक्टर, आणि मध्ये आणखीबाई, पांढऱ्या केसांच्या, हातातली पेन्सिल टेबलावर आडवी ठेवून बसलेल्या. पडदे ओढलेले होते. फिल्म काचेच्या पेटीवर चढली, मागचा दिवा लागला, आणि नानांचा खांदा भिंतीवर उभा राहिला.

ती छान बोलली. आवाज कापला नाही. साठी उलटलेला पुरुष, स्टुलावरून पडलेला, गळपट्टीच्या हाडात बारीक चीर, सांधा जागेवर. चीर दोघांच्या नजरेतून का सुटली, तेही सांगितलं. प्राध्यापकांनी मान डोलावली. तरुण डॉक्टर वाकून चीर बघू लागले आणि वा म्हणाले. जागा आपलीच, असं तिला त्या घटकेला वाटून गेलं.

बाई पेटीकडे बघत होत्या. "आणखी?"

"आणखी काही नाही, बाई."

"आणखी?"

"नाही, बाई. एवढंच आहे." ती ठाम राहिली.

बाई पुढच्या प्रश्नाकडे वळतील असं तिला वाटलं. त्या वळल्या नाहीत. प्राध्यापकांनी चष्मा काढला आणि उगाच पुसायला घेतला. तरुण डॉक्टरांचं लिहिणं थांबलं होतं.

"चीर विसरा," बाई हळू म्हणाल्या. "ती तुम्हाला सापडलेली आहे. आता कडेपासून बघा."

तिनं कडेपासून बघायला घेतलं. दंडाचं हाड ठीक. सांधा ठीक. खांद्याच्या फोटोत छातीचा एक कोपरा नेहमीच येतो, फुफ्फुसाचं अगदी वरचं टोक. तिथं हवा असते, म्हणून ते काळं दिसायला हवं. ते काळं नव्हतं. टोकावर एक पांढुरका, ओबडधोबड थर बसला होता, आणि त्याच्या खालच्या बरगडीची कड उंदरानं कुरतडल्यासारखी झाली होती. चिरेपासून जेमतेम तीन बोटांवर. ती ही फिल्म चार महिने बघत होती, लोकांना दाखवत होती.

मग एकेक सगळं आठवलं. खाली आलेली पापणी. कोरडा गाल. करंगळीच्या मुंग्या, निसटणारे स्क्रू. हाड जुळूनही न थांबलेलं दुखणं. पुस्तकात हे सगळं एका पानावर होतं आणि ते पान तिला पाठ होतं. इतकी भीती तिला कुठल्याच रात्रपाळीत वाटली नव्हती.

काही न बोलता ती तिथून पळून जाऊ शकली असती. पण तिनं सांगितलं, क्रमानं सांगितलं. फुफ्फुसाच्या टोकाला गाठ आहे. बरगडी खाल्लेली आहे. हाताकडे आणि चेहऱ्याकडे जाणाऱ्या नसा दाबल्या जात असणार. बहुतेक कॅन्सर.

"फिल्म कधीची?" बाईंनी विचारलं.

"चार महिन्यांपूर्वीची."

"पेशंटला माहीत आहे?"

"नाही."

"आता कुठे आहे पेशंट?"

"बाहेर बाकावर."

"तुम्ही घेऊन आलात?"

"तेच मला घेऊन आलेत, बाई. माझे वडील आहेत."

तरुण डॉक्टरांनी वही मिटली. बाई उठल्या आणि पेटीचा दिवा बंद केला. मग त्यांनी फोन उचलून खालच्या सीटी स्कॅनच्या खोलीत सांगितलं, की पुढचा पेशंट थांबवा, मी एक पाठवते आहे. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "एक सापडलं की डोळे शोधायचे थांबतात. सगळ्यांचे." तिला त्यानं काडीचंही समाधान झालं नाही. निकाल कधी लागणार, हे तिनं विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

बाहेर नाना उठून उभे राहिले. "आवडला का माझा फोटो?"

"खूप वेळ बघत होते."

"मग हाडानं नाव काढलं म्हणायचं." ते बाकावरच्या इतरांकडे बघून हसले. हसताना उजवी पापणी आणखी मिटली.

"नाना, त्यांना आणखी एक फोटो हवाय. खालच्या मोठ्या मशीनवर. आत्ताच."

नाना तिच्या तोंडाकडे बघत राहिले. आयुष्यभर बंद पडलेल्या वस्तू हातात घेतलेला माणूस, त्याला जास्त सांगावं लागत नाही. "बाहेरून नुसता अंदाज," ते म्हणाले. "खरं काय ते उघडल्यावरच कळतं. चल." दोन पावलं टाकून ते थांबले. "आणि तुझ्या जागेचं?"

"त्याचं काय, कळेल नंतर."

"देतील, देतील," नाना म्हणाले.

सीटीच्या दारात मशीनवरच्या माणसानं घड्याळ काढून ठेवायला सांगितलं. डाव्या मनगटावरचं घड्याळ काढायला नानांनी उजवा हात नेला, पण पट्ट्याचं बक्कल त्या बोटांतून निसटत राहिलं. तिनं हात पुढे केला. घड्याळजीच्या घड्याळाला दुसऱ्यानं हात लावलेला त्यांना कधी खपला नव्हता. आज त्यांनी मनगट पुढे केलं आणि ती पट्टा सोडवेपर्यंत शहाण्या मुलासारखे उभे राहिले. मग जाड दार बंद झालं आणि त्यावरचा लाल दिवा लागला.

ती बाहेरच्या बाकावर बसली. घड्याळ गरम होतं. पंखा नसल्यानं इथं उकडत होतं, पण ती हलली नाही. जरा वेळानं वरच्या बाकावरचा एक उमेदवार जिना उतरून आला, काखेत तसंच पाकीट, तिचा मघाचा कडक इस्त्रीचा पांढरा कोट त्यानं ओळखला.

"तुम्हाला पुन्हा बोलावलंय का?" त्यानं विचारलं. "मुलाखतीची दुसरी फेरी आहे?"

"नाही," ती म्हणाली. "मी पेशंटबरोबर आलेय."

आणि त्याला बसता यावं म्हणून ती बाकावर थोडी सरकली.