स्वानंदनं दिलेलं जेवण

मयुरानं कॉलेजातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली ती स्वानंदच्या हट्टापायी. धाकटा भाऊ चार वर्षांनी टोरंटोहून आला होता, तोही नऊ दिवसांसाठी, आणि त्यातले चार संपलेही होते. "ताई, तुले एकदा मस्त जेवू घालतो," म्हणाला आणि सिव्हिल लाइन्समधल्या नव्या जपानी हॉटेलात शनिवार दुपारच्या दोन जागा धरून मोकळा झाला.

हॉटेल म्हणजे एक लांब लाकडी ओटा आणि त्याच्यापुढे आठ खुर्च्या, बस. ओट्यापलीकडे हर्षित नावाचा शेफ. मूळचा सावनेरचा, बारा वर्षं मुंबईत सुशी करून परतलेला. मेनू कार्ड नव्हतंच. तो देईल ते, देईल तेव्हा खायचं. हे ऐकूनच मयुराचे खांदे जरा सैल झाले. आज काय शिजवायचं, किती पातळ करायचं, बाबांच्या घशाखाली काय उतरेल, हे गेली तीन वर्षं रोज सकाळी तिलाच ठरवावं लागे. बाबांचा, म्हणजे विश्वनाथरावांचा, कंपवात आता त्यांच्या गिळण्यापर्यंत पोचला होता.

हर्षितनं भाताचा छोटा मुटका वळला, वर माशाची गुलाबी चकती दाबली आणि तिच्यापुढे ठेवली. "हातानंच घ्या मॅडम. लगेच खा."

भात कोमट होता. मासा जिभेवर विरघळला. दुसरा मुटका येईपर्यंत स्वानंदनं बोलायला सुरुवात केली होती.

"बाबांना ठेवायले वर्धा रोडवर एक केंद्र पाहिलं मी. चोवीस तास नर्स, डॉक्टर. तू किती दिवस असं करत राहशीन?"

मयुरानं दुसरा मुटका तोंडात घातला. तिला राग आला नव्हता. राग यायलाही अंगात काही उरावं लागतं.

तेवढ्यात फोन वाजला. घरी बाबांजवळ बसणाऱ्या यमुताई होत्या. "ताई, बाबा घास तोंडात धरून बसले न! गिळतही नाही, थुंकतही नाही. लवकर या."

सवयीनं मयुरा उठली, पर्स खांद्याला लावली. मग तशीच परत बसली.

"स्वानंद, तू जा."

"मी? मले काय जमते त्यातलं?"

"गाडी आहे तुझ्याजवळ, दहा मिनिटांत पोचशीन. मान पुढे झुकवायची, गळ्यावरून हात फिरवायचा. नाहीच गिळलं तर बोटानं काढून घ्यायचं. मग थांबून पुन्हा भरवायचं."

"आणि तू?"

"मी जेवून राहिली न."

तो किल्ली उचलून निघाला. मयुरानं फोन करून यमुताईंना बाबांना सरळ बसवायला सांगितलं, आणि फोन पर्समध्ये टाकला.

"सरांचे पीस राहिले," हर्षित हळूच म्हणाला.

"मलेच द्या."

हर्षित एकेक मुटका करून समोर ठेवत गेला. चौथ्यानंतर म्हणाला, "घास मोठा होऊन राहिला का? लहान करतो." आणि खरंच लहान केला. मयुरानं तो तोंडात घातला, डोळे मिटले आणि हनुवटी हातावर टेकली.

डोळे उघडले तेव्हा पुढ्यात वाफाळता चहा होता आणि बाकीच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या.

"झोपली होती का मी?" ती ओशाळली.

"वीसेक मिनिटं. आधीचा चहा गार झाला, म्हणून बदलला." त्यानं पुन्हा भाताला हात घातला. "तीन राहिले अजून. सावकाश होऊ द्या."

ती घरी पोचली तेव्हा बाबा झोपले होते. स्वानंद खाटेशी स्टुलावर बसला होता. शर्टावर खिचडी, उजव्या बोटाला पट्टी.

"चावले मले," तो म्हणाला. "अर्ध्या वाटीले पाऊण तास लागला, ताई. रोज असंच?"

"तीनदा. बोट गालाकडून घालायचं असते, दातांमधून नाही."

त्यानं बोटावरची पट्टी दाबून बसवली. "त्या केंद्राचं मी उगाच..."

"उगाच काहून? जाऊन पाहू. मी नाही म्हणत नाही गा, खूप थकली मी." तिनं पर्स खुंटीला अडकवली. "पण न्यायचं ठरलं तर बाबायले तू सांगशीन. तू जायच्या आधी."

स्वानंदनं बाबांकडे पाहिलं. त्यांचा एरवी थरथरणारा हात झोपेत चादरीवर स्थिर पडला होता. त्यानं मान हलवली, हो की नाही ते मयुराला कळलं नाही. मग खिचडीची वाटी उचलून तो मोरीकडे धुवायला गेला.

मयुरा आतल्या खोलीत जाऊन आडवी झाली.