कागदी पुरातली माणसं

मित्रांनो, आज मला पाहून कुणाचा विश्वास बसणार नाही, पण एके काळी माझा मोठा दरारा होता. मी शिंप्याची कात्री आहे. माझी पाती लांब आणि जड, मूठ पितळेची. आता ती मूठ काळवंडली आहे आणि एका पात्यावर गंजाचे तांबडे ठिपके पडले आहेत.

मोहाडीच्या बाजारात वासुदेवराव नावाचे शिंपी होते. माझी उमेदीची वर्षं त्यांच्या हातात गेली. आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून आलेली माणसं कापडाचे तागे त्यांच्यापुढे ठेवत. वासुदेवराव खडूने रेघ मारत आणि मी त्या रेघेवरून न अडखळता चालत जाई. गिऱ्हाईक म्हणे, "काय धार आहे, भाऊ!" आणि वासुदेवराव मिशीत हसत. माझ्याखाली कागद मात्र ते कधीच येऊ देत नसत. एखाद्या पोराने मला पतंगाच्या कागदाला लावलं की ते ओरडत, "ठेव ते खाली! कागदानं धार मरते तिची!"

मग तयार कपड्यांची दुकानं वाढली आणि वासुदेवरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. दुकान बंद करताना त्यांनी मला मोनिकाच्या हाती दिलं. ती त्यांच्याकडे शिवण शिकली होती आणि तिचं नुकतंच लग्न ठरलं होतं.

लग्नानंतर मोनिकाबरोबर मी गोसीखुर्द धरणाजवळच्या एका नव्या गावात आले. गाव नवं, माणसं मात्र जुनी. त्यांचं मूळ गाव नदीकाठी होतं. धरणाचं पाणी चढलं, ते गाव पाण्याखाली गेलं आणि माणसं वर माळावर येऊन राहिली. इथल्या गल्ल्या सरळ होत्या, घरं एकसारखी होती, पण दारातल्या झाडांची अजून सावली पडत नव्हती. म्हातारी माणसं संध्याकाळी पाण्याच्या दिशेला तोंड करून बसत आणि फारसं बोलत नसत.

गावात ख्रिस्ती घर मोनिकाचं तेवढं एकच. आठवडाभर ती शेजारणींचे ब्लाउज शिवी आणि रविवारी दुपारी ओसरीत मुलांना जमवून पवित्र शास्त्रातल्या गोष्टी सांगे. मुलं कपाळाला गुलाल लावून आली तरी तिला काही वाटत नसे, आणि कुणाच्याही देवाला नाव ठेवायचं नाही, असं तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. मुलांना खरी ओढ होती ती कागदाची. चर्चच्या एका म्हाताऱ्या पाळकसाहेबांनी तिला मोठमोठ्या चित्रकारांच्या चित्रांचे छापील कागद दिले होते. मोनिका एक चित्र भिंतीला लावी, त्याची गोष्ट सांगे आणि मग मुलं तेच चित्र आपापल्या परीने कागदातून उभं करत. लग्नपत्रिका, जुनी कॅलेंडरं, पतंगाचा कागद, काहीही चाले. चिकटवायला शिजलेल्या भाताची खळ. लहानांना बोथट कात्र्या मिळत. जाड पुठ्ठा आला की माझी पाळी येई.

सुरुवातीला मी मनातून फार दुखावले होते. मी, आणि कागद! पण मित्रांनो, सिंहांच्या गुहेत टाकलेल्या दानीएलच्या गोष्टीतले सिंह आमच्या पुठ्ठ्यातून उभे राहिले आणि मुलांनी त्यांना झाडूच्या काड्यांच्या मिशा लावल्या, तेव्हा माझा राग गेला. येशूने पाच भाकरी आणि दोन मासळ्यांत हजारोंना जेवू घातलं, त्या गोष्टीला तर भांडण लागलं. मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या पोरांनी मासळ्या इतक्या मोठ्या केल्या की भाकरींना जागाच उरली नाही. त्या मुलांत उर्वशी नावाची एक मुलगी होती. वयाने जरा मोठी, बोलायला कमी. मला हातात घ्यायची परवानगी तिला होती. वासुदेवरावांनंतर मला इतकं सांभाळून कुणी धरलं असेल, तर तिनेच.

एका पावसाळ्यात मोनिकाने नोहाची गोष्ट काढली: देवाने सगळी पृथ्वी बुडवणारा पूर आणला आणि नोहाने बांधलेल्या तारवात, म्हणजे मोठ्या नावेत, चढलेलं त्याचं कुटुंब आणि प्राण्यांच्या जोड्याच तेवढ्या वाचल्या. तिने लावलेल्या चित्रात मागे लांबवर नोहाचं तारू तरंगत होतं. पुढे, अगदी आपल्या डोळ्यांजवळ, एक खडक होता. त्या खडकावर माणसं दाटीवाटीने उभी होती आणि पाणी त्यांच्या गुडघ्याशी आलं होतं. एक बाई आपलं लेकरू डोक्याच्या वर धरून उभी होती.

मुलांनी तारू केलं, हत्ती केले, मोर केले. निळ्या कागदाच्या लाटा केल्या. उर्वशी मात्र मला घेऊन कोपऱ्यात बसली आणि एकेक माणूस कापू लागली. खडकावरची सगळी माणसं तिने कापली आणि मुलांच्या चित्रात कागदी खडकावर चिकटवली. मग तिने विचारलं, "ताई, या लोकायले तारवात काहून नाही घेतलं?"

मोनिका घाईत होती. लहान मुलं खळीचं भांडं सांडण्याच्या बेतात होती. तिने लहानपणी स्वतः जे ऐकलं होतं तेच सांगितलं. "ते लोक वाईट होते, बेटा. म्हणून देवानं पूर आणला."

उर्वशीने मला खाली ठेवलं. "मंग आमचे लोक वाईट होते काय?"

मोनिका खळीचं भांडं सोडून वळली. त्या मुलांपैकी एकही असं नव्हतं, ज्याचं घर पाण्याखाली नव्हतं. उर्वशी उठली आणि पावसातच घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वडील विनोद अंगणात येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"तुमी आमच्या लेकरायले काय शिकवून राहिल्या, ताई? आमचं गाव पापी होतं म्हणून बुडलं?"

"नाही हो भाऊ, मी तसं नाही म्हटलं..."

"पोरीनं घरी येऊन माह्या मायले विचारलं, आजी, आपण काय पाप केलं होतं? माय कालपासून जेवली नाही. भिंतीकडे तोंड करून पडली आहे." त्यांनी माळाखालच्या पाण्याकडे हात केला. "आमी घर सोडलं, वावर सोडलं, देवळातला देव उचलून आणला. आता हे बी आयकायचं काय?"

मोनिकाने हात जोडले, पण ते मागे फिरले होते. पुढच्या रविवारी ओसरीत कुणीच आलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. बायकांनी कपडे शिवायला देणंही थांबवलं. मुलांचं अर्धवट कागदी चित्र छापील चित्राशेजारी भिंतीवर तसंच राहिलं आणि ओल धरून त्याच्या लाटा फुगल्या. मी डब्यात पडून होते. मला कुणी पुसलं नाही, तेल दिलं नाही. त्याच दिवसांत माझ्या पात्याला गंज चढला. मोनिका कधीकधी भिंतीपुढे उभी राहून त्या माणसांकडे बघत बसे. छापील चित्र तिने लहानपणापासून पाळकसाहेबांकडे पाहिलं होतं, पण तेव्हा तिची नजर तारवावर असायची.

शेवटी एक दिवस तिने मला शिवणाच्या पिशवीत टाकलं आणि ती उर्वशीच्या घरी गेली. आजीचा, म्हणजे सुंदरबाईंचा, एक ब्लाउज शिवून तयार होता. तेवढंच निमित्त. विनोद शेतावर धानाच्या रोवणीला गेले होते. सुंदरबाई पडवीत तांदूळ पाखडत होत्या. फार वाळल्या होत्या. सूप हातात होतं, पण हलत नव्हतं.

"आजी, माझं चुकलं," मोनिका म्हणाली.

सुंदरबाईंनी वर पाहिलं नाही. "तू काय चुकली व माय? माह्या मनात होतं ते पोरीच्या तोंडून आलं. पानी चढलं तवापासून मी हेच म्हणून राहिली, आपल्या हातून काय झालं असन? कोन्या देवाचं करायचं राहिलं असन? कोनाले सांगतलं नाही."

"तुमच्या हातून काहीच नाही झालं, आजी."

"अन् त्या चित्रातल्या लोकायच्या हातून? पोरगी सांगत होती, एक बाई लेकरू वर धरून उभी आहे. त्या लेकरानं काय केलं होतं?"

मोनिका त्यांच्याजवळ जाऊन बसली. पडवीच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. मग ती हळूच म्हणाली, "मले नाही माहीत, आजी. खरंच नाही माहीत."

आता सुंदरबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "असं पोरीले सांगतलं असतं तं बरं झालं असतं," त्या म्हणाल्या आणि सूप हलवू लागल्या.

रविवारी ओसरीच्या पायरीवर दोघी उभ्या होत्या, उर्वशी आणि तिचा हात धरून सुंदरबाई. विनोदांनी अडवलं तेव्हा आईने एवढंच सांगितलं होतं, "मी संग जाऊन राहिली, मंग काय होते?" त्यांना येताना पाहून आणखी काही मुलं कुंपणाशी जमली, पण आत आली नाहीत.

सुंदरबाई चित्रापुढे उभ्या राहिल्या. उर्वशीने कापलेल्या त्या बाईवरून त्यांनी बोट फिरवलं. मग मोनिकाला म्हणाल्या, "कात्री दे."

मित्रांनो, त्या हातांनी विळ्याने धान कापलं होतं, कागद कधीच नाही. बोटं सांध्यांत सुजलेली. मी गंजलेली, अडखळत होते, कागद चावत होते. एका लग्नपत्रिकेतून त्यांनी काहीतरी लांबट, वाकडंतिकडं कापलं.

"हे काय आहे, आजी?" उर्वशीने विचारलं.

"डोंगा."

मोनिका जवळ आली. सुंदरबाई चित्राकडेच पाहत बोलत होत्या. "पानी अंगनात आलं तवा आमाले ढिवरायनं डोंग्यातून काढलं. तुह्या बापाले, मले, तुले बी. तू माह्या कडेवर होती. त्यायचे सोताचे घरं बुडत होते, तरी आले."

त्यांनी खळ लावली आणि तो डोंगा खडकाला टेकवून चिकटवला. मोनिका म्हणाली, "आजी, गोष्टीत दुसरी नाव नाही आहे."

"गोष्टीत नसन. मी ठेवली."

मोनिकाने ती नाव काढली नाही. उर्वशीने बोटाने खडकावरची माणसं मोजली आणि डोंग्याकडे पाहिलं. "आजी, एवढे लोक यात नाही मावत."

"नाही मावत तं फेऱ्या मारन," सुंदरबाई म्हणाल्या.

कुंपणाजवळची मुलं त्यानंतर आत आली. सगळी नाही. विनोद अजूनही मोनिकाशी बोलत नाहीत आणि काही घरांनी आपली मुलं पुन्हा पाठवली नाहीत. मोनिका त्यांना दोष देत नाही. नोहाची गोष्ट ती आजही सांगते. खडकाजवळ आली की थांबते आणि म्हणते, "यायच्याबद्दल मले माहीत नाही." मुलं त्या जागी फार वेळ रेंगाळतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूला थोडं तेल आणि कोरडं फडकं पुरतं. तेवढी आमची काळजी घ्या. पण गोष्ट सांगायला बसाल तेव्हा समोर बसलेल्यांची त्याहून जास्त काळजी घ्या. त्यांच्यात कुणीतरी गुडघाभर पाण्यात उभं राहून आलेलं असतं. त्याने काही विचारलं तर घाईने उत्तर देऊ नका. हातातलं काम बाजूला ठेवा आणि आधी त्याच्याजवळ जाऊन बसा.