ब्रिनग्लासचं गाणं

कॅडीचा उजवा बूट काही केल्या निघेना. ओल्वेन मागच्या दाराच्या बोळात गुडघ्यांवर बसली होती, एका हातात बुटाची टाच, दुसऱ्या हातात चिखलानं माखलेला तळ. पाच वर्षांची नात भिंतीला टेकून मोकळ्या पायानं आजीच्या मांडीवर ताल धरत होती.

"पाय सैल सोड गं बाई. बूट काढतेय मी, दात नाही."

"आजी, तुझ्या गुडघ्यात काहीतरी वाजलं."

"वाजू दे. या घरात सगळ्यांनाच गाण्याची हौस."

आतून इद्रिसनं हाक मारली. "आई! आम्ही दोघं केव्हाचे उभे आहोत. मधला सूर कुठं राहिला?"

बूट एकदाचा निघाला आणि आतलं गार पाणी ओल्वेनच्या स्कर्टवर सांडलं. कोटांच्या खुंटीला धरून ती उठली, कॅडीचे मोजे शेगडीच्या दांडीवर टाकले, उतू चाललेला रस्सा बाजूला सरकवला आणि मुलाच्या नि थोरल्या नातीच्या मधे जाऊन उभी राहिली. इद्रिसनं सूर धरायचा लोखंडी चिमटा टेबलाच्या कडेवर आपटला. तिघं गाऊ लागले.

डिसेंबर लागला की या खोऱ्यातल्या चर्चांमधून प्लगाइन, म्हणजे नाताळगाण्यांची संध्याकाळ, सुरू होते, ती जानेवारीच्या मध्यापर्यंत चालते. तिथं कुणी कुणाचं नाव पुकारत नाही. एका घरची मंडळी आपणहून उठतात, पुढं जातात, पेटी नाही की वाद्य नाही, आपलं नाताळचं गाणं म्हणतात आणि परत येऊन बसतात. टाळी वाजवायची नाही. आणि एकदा म्हटलेलं गाणं त्या संध्याकाळी पुन्हा कुणी म्हणायचं नाही, हा नियम तर तान्ह्या पोरालाही ठाऊक. ब्रिनग्लास या शेताचं गाणं ओल्वेनच्या सासऱ्याच्या बापापासून चालत आलेलं, तीन सुरांचं. वरचा आता सोळा वर्षांच्या माब्लीकडे होता, खालचा इद्रिसकडे. मधला ओल्वेन सांभाळायची, लग्न होऊन आली त्या हिवाळ्यापासून. नवरा, ईवोर, चिडवायचा तिला, "मधला सूर म्हणजे रश्श्यातलं मीठ. असेपर्यंत कुणी नाव घेत नाही."

ईवोर जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून इद्रिसनं एकही चर्च चुकवलं नव्हतं.

"आज कसं वाटलं?" गाणं संपल्यावर त्यानं विचारलं.

"रस्सा करपला," ओल्वेन म्हणाली.

सगळे हसले. तीही हसली, पण तिला मेली खुर्ची हवी होती आणि खुर्चीवर माब्लीचं दप्तर होतं.

तसं पाहिलं तर तिला कुणी त्रास देत होतं असं मुळीच नव्हतं. सून बेथन गुणाची, पण तिच्या रुग्णालयात पाळ्या. ती रात्रपाळी करून यायची तेव्हा घर उठत असायचं. म्हणून उजाडायच्या आत ओल्वेन उठे. शेगडी पेटवायची, कॅडीचा डबा, माब्लीची शोधाशोध, दोघींना बसपर्यंत. मग कोंबड्या. मग ते कधीच न वाळणारे कपडे, खोलीखोलीतून फिरवायचे. इद्रिस मेंढ्या सोडून जेवायला आत येत नसे, म्हणून त्याचं जेवण गोठ्यापर्यंत न्यायचं, वाटेत बर्फाळ चिखल. दुपारी कॅडी परत, तिचे बूट परत. संध्याकाळी गाडीत बसून कुठल्यातरी खोऱ्यातल्या गारठलेल्या चर्चमध्ये जायचं आणि ताठ उभं राहून गायचं. शहात्तराव्या वर्षी एवढं सगळं म्हणजे चेष्टा आहे का?

यंदा मला नाही जमणार, एवढंच वाक्य बोलायचं होतं. ते तिनं किटलीला सांगितलं, कोंबड्यांना सांगितलं. माणसांना सांगायला गेली की नेमकं कुणाचं तरी काहीतरी हरवलेलं असायचं.

एका सकाळी बेथन कोट न काढताच टोस्ट खात उभी होती. "आई, तुमची छाती वाजतेय. जिन्यावरून ऐकू आलं मला."

आता बोलावं, ओल्वेनच्या मनात आलं.

"जुनं दार आहे, करकरणारच," ती म्हणाली. "तू जा, पड बघू. डोळे बघ कसे झालेत."

नाताळला तिनं हंस भाजला. सगळे बसून जेवले, ती उभ्या उभ्या. दुसऱ्या दिवशी खिंडीतल्या चर्चला जायचं होतं. पाऊस-बर्फ एकत्र पडत होतं आणि चर्चमधला हिटर म्हणजे नुसती शोभा. चौथ्या कडव्यात एक लांबलचक ओळ आहे, तिच्या निम्म्यातच ओल्वेनचा श्वास संपला. पुढची दोन कडवी तिनं नुसते ओठ हलवले. कुणाच्या लक्षात आलं नाही. परतीच्या वाटेवर वायपर खडखडत होते आणि इद्रिस म्हणाला, "आज छान लागलं, नाही?"

ओल्वेन खिडकीकडे तोंड करून बसली. आपण गायलोच नाही आणि पोराला छान वाटलं. मग आपल्याला कशाला फरफटत नेतात हे? तिला रागच आला, आणि राग आला म्हणून स्वतःची लाजही वाटली.

एलिनेदचा फोन आला तो नववर्षाच्या आठवड्यात. एलिनेद म्हणजे ओल्वेनच्या भावाची मुलगी, दरीच्या पलीकडल्या शेतावरची. तिच्या घरचीही चौघं जण गायची.

"आत्या, आमची पंचाईत झालीय. ह्यूचा आवाज बसलाय, आणि त्याच्याशिवाय आमचं गाणं म्हणजे चाक नसलेली गाडी."

"मध दे त्याला."

"मधाची बरणी संपली, आवाज काही येईना. ऐक ना. तुमचं गाणं येतं आम्हाला. लहानपणापासून कानावर आहे. विचारायचीसुद्धा लाज वाटते, पण शेवटची प्लगाइन तुमच्याच चर्चला आहे आणि... तुम्ही यंदा गाणार असालच, नाही का? जाऊ दे. विसर मी काय बोलले ते."

शेगडीवर दूध वर येत होतं. जिन्यात कॅडी कशासाठीतरी रडत होती. ओल्वेनच्या दुसऱ्या हातात इद्रिसचा ओला स्वेटर होता, दगडासारखा जड.

"आम्ही नाही गाणार यंदा," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणा."

"खरंच? इद्रिसला चालेल?"

"त्याला विचारलंय मी."

फोन ठेवला तेव्हा दूध उतू गेलं होतं. ते तिनं फडक्यानं पुसून काढलं. या खोऱ्यात दुसऱ्याच्या हद्दीत मेंढ्या चरल्या तर माणसं दोन दिवस भांडतात आणि विसरतात. पण एखाद्या घराचं गाणं त्याच घराच्या चर्चमध्ये दुसऱ्यानं म्हणायचं, हे कुणी विसरत नाही. आणि ते तिनं आपल्या हातानं देऊन टाकलं होतं, घरात कुणाला पत्ता नाही. का, तर एक संध्याकाळ बसून राहता यावं म्हणून.

एलिनेदला फोन करून नाही म्हणावं, असं रोज वाटे. इद्रिसला सांगून टाकावं, असंही रोज वाटे. तो गोठ्यातून बापाचं गाणं गुणगुणत यायचा आणि ओल्वेन जेवण टेकवून मागं फिरायची. दिवस गेले. कपडे वाळले नाहीत.

शेवटच्या संध्याकाळी चर्च गच्च भरलं होतं. बेथननंही सुट्टी घेतली होती. कॅडी तिच्या मांडीवर झोपेला आली होती. ब्रिनग्लासची मंडळी नेहमीसारखी डावीकडच्या बाकावर. ती आपल्या चर्चमध्ये सगळ्यांत शेवटी उठत, पाहुण्यांना आधी मान म्हणून. पाद्रीबुवांनी प्रार्थना आटोपली आणि प्लगाइन खुली झाली असं सांगून ते बाजूला बसले.

आधी कुठलेसे तिघे भाऊ गाऊन गेले. मग एलिनेदकडची मंडळी उठली. एलिनेदनं चिमटा कानाशी धरला, हलकेच सूर दिला, आणि पहिल्याच ओळीला ओल्वेनच्या शेजारी बसलेला इद्रिस ताठ झाला.

ओल्वेननं वर पाहिलं नाही. आपल्या बुटांच्या नाड्या बघत राहिली. एकेक कडवं सरकत होतं, आणि छान म्हणत होती ती पोरं, उगाच नाव कशाला ठेवा. माब्लीचा श्वास जोरात ऐकू येत होता. गाणं संपलं. टाळी नाहीच. मागच्या बाकांवर कुजबुज झाली, आणि ती कशाबद्दल आहे ते ओल्वेनला न ऐकता कळलं.

झालं, तिनं मनाशी म्हटलं. आता उठायचं नाही. सुटले. पण सुटल्याचा आनंद कुठंच सापडेना.

एकामागून एक मंडळी गेली नि आली. मग कुणीच उठेना. सगळं चर्च ब्रिनग्लासच्या बाकाकडे न बघितल्यासारखं करून बघत होतं.

माब्ली उठली. तिच्या मागं इद्रिस. सवयीनं ओल्वेनही बाकाला धरून उठू लागली, तर माब्लीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"आजी, तू बस."

ती दोघं पुढं गेली. एकमेकांकडे तोंड करून उभी राहिली आणि गायला लागली. ओल्वेननं हे गाणं कधी ऐकलं नव्हतं. साधं होतं, लहानसं, दोनच सुरांचं. तिचा गळा आपोआप मधली वाट शोधायला लागला. ती सापडेना. ते दोन सूर इतके लगटून चालले होते की मधे कुणाला पाऊल ठेवायला जागाच नव्हती. तिला हवं होतं ते मिळालं होतं, बाकावर बसून, कोट अंगावर ओढून. आणि तिला रडू आलं. हातरुमाल सापडला नाही, तेव्हा तिनं कॅडीच्या टोपीला डोळे पुसले.

मग रीतीप्रमाणे सगळे पुरुष पुढं जाऊन शेवटचं गाणं म्हणाले आणि मंडळी शेजारच्या शाळेच्या खोलीत जेवायला गेली. ओल्वेनला खुर्ची मिळाली. इद्रिस तिच्यामागं चहाचा कप धरून उभा राहिला. तेवढ्यात एलिनेद बशी घेऊन गर्दीतून आलीच.

"आत्या, उपकार झाले गं तुझे! आणि इद्रिस, तू हो म्हणालास म्हणून हिंमत केली हो. नाहीतर तुमच्या दारात येऊन तुमचंच गाणं, लोकांनी फाडून खाल्लं असतं मला."

ओल्वेनच्या हातातला केक तसाच राहिला. इद्रिसनं आईकडे पाहिलं. चांगला बराच वेळ पाहिलं.

"अगं, त्यात काय," तो म्हणाला. "विचारलं होतं आईनं मला." आणि एलिनेदच्या बशीतला मनुकांचा पाव उचलून तोंडात टाकला. "हे भाडं समज."

एलिनेद हसत निघून गेली. ओल्वेननं केक बशीत ठेवला.

बाहेर थंडीनं गवत कडक झालं होतं. बेथन, माब्ली नि झोपलेली कॅडी गाडीकडे पुढं गेल्या होत्या. इद्रिस आईच्या पावलानं चालत होता. चर्चच्या फाटकापाशी ती थांबली.

"मी दमलेय रे," ती म्हणाली. "फार दमलेय."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"बेथननं सांगितलं. त्या सकाळी जिन्यात तुझी छाती ऐकली तेव्हाच. म्हणून माब्लीनं हे दोघांचं गाणं शोधलं. गाडीत शिकलो, तू नसताना. आज घरी गेल्यावर सांगणार होतो, की पुढच्या वर्षीपासून तू बस." त्यानं फाटकाची कडी काढली. "खिंडीतल्या चर्चला तू नुसते ओठ हलवत होतीस."

"कळलं तुला?"

"शेजारी उभा होतो की."

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"तू कुठं बोललीस?" त्याचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "मला वाटलं, तुला गायचंय. बाबांचं गाणं आहे. ते तुझ्याकडून काढून कसं घेऊ मी?"

माफी मागावी असं ओल्वेनला वाटलं, पण तोंडातून नुसती वाफ निघाली.

"एलिनेदकडेच राहू दे ते गाणं," इद्रिस म्हणाला. गाडीच्या दिव्यांकडे बघत म्हणाला, तिच्याकडे नाही. "तिच्या पोरी मोठ्या होताहेत, त्या म्हणतील. आपल्याकडे आता मधला सूर नाही."

त्याचा जबडा ईवोरसारखा आवळला होता. तेवढं बोलणं त्याला किती जड गेलं असेल ते ओल्वेनला दिसलं. पुढं गाडीत माब्लीनं हॉर्न वाजवला आणि बेथन तिला रागावली. ओल्वेननं मुलाचा दंड धरला, आणि आपला सगळा भार त्याच्यावर टाकून चालू लागली.